रोममध्ये हुकमाने, हिंदुस्थानात वजनाने: टायबेरियसचं चांदीचं नाणं

लंडनचं ब्रिटिश म्युझियम असो की चेन्नईच्या एग्मोरमधलं शासकीय संग्रहालय, रोमन नाण्यांच्या विभागात एक नाणं हमखास भेटतं. खालची चिठ्ठी एका ओळीची असते: दिनारियस, टायबेरियस, इ.स. 14 ते 37, टांकसाळ लुग्डुनम, चांदी. बहुतेक लोक ती वाचून पुढे सरकतात. नाणेप्रेमींचा जीव अडकतो तो ब्रूटसच्या नाण्यात. सीझरच्या खुनानंतर त्याने पाडलेल्या त्या नाण्यावर दोन खंजीर आहेत आणि लिलावात त्याला अफाट बोली लागते. रोमन सम्राट टायबेरियसचं हे दिनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, त्या मानाने अगदी सामान्य. रोमन चांदीच्या नाण्यांमध्ये ते सहज मिळणाऱ्यांपैकी एक, आणि दिसायलाही कंटाळवाणं. मला मात्र तेच जास्त मोलाचं वाटतं, कारण पैशाला किंमत नेमकी कुठून येते हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं नाणं सांगत नाही.

आधी ते वाचायचं कसं ते पाहू. पुढच्या बाजूला उजवीकडे तोंड केलेला सम्राट आहे, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. कडेने फिरणारी लॅटिन अक्षरं बरीच तोडून लिहिली आहेत. पूर्ण केली तर अर्थ होतो, ‘तिबेरियस सीझर ऑगस्टस, दैवी ऑगस्टसचा पुत्र’. टायबेरियस गादीवर आला तेव्हा चोपन्न वर्षांचा होता आणि वारला तो सत्त्याहत्तराव्या वर्षी, पण नाण्यावरचा चेहरा सहसा त्याच्या खऱ्या वयाइतका थकलेला दिसत नाही. ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ हेही सरळ नाही. तो ऑगस्टसचा दत्तक मुलगा होता. ऑगस्टसची बायको लिव्हिया हिला पहिल्या नवऱ्यापासून झालेला. सिनेटने ऑगस्टसला मरणानंतर देव ठरवलं आणि सावत्र बाप देव झाल्यामुळे याला देवपुत्र म्हणवता आलं. गादीवरचा हक्क सांगायला एवढं पुरेसं होतं.

मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक स्त्री आहे, एका हातात लांब राजदंड, दुसऱ्यात फांदी. बरेच अभ्यासक तिला शांतिदेवीच्या रूपातली लिव्हिया मानतात. बाजूला ‘पॉन्टिफेक्स मॅक्सिमस’ म्हणजे मुख्य धर्माधिकारी, ही सम्राटाची पदवी. इंग्रजीत या नाण्याला ‘ट्रिब्यूट पेनी’ म्हणतात. कर भरावा की नाही, असं येशूला विचारलं तेव्हा त्याने एक दिनारियस मागवून ‘यावर कोणाचं चित्र आहे’ असा उलट प्रश्न केल्याची कथा शुभवर्तमानात आहे. तेव्हा सम्राट टायबेरियस होता, म्हणून हे नाव चिकटलं. तेच नाणं त्या दिवशी दाखवलं गेलं असेल, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. यहूदियात त्या काळी हे दिनारियस फारसे फिरत नव्हते.

वजनाचा अंदाज यायला खिशात हात घाला. भारत सरकारने 2011 मध्ये काढलेल्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे. टायबेरियसचा दिनारियसही साधारण तेवढाच, पावणेचार ग्रॅमच्या आसपास. फक्त तो आकाराने लहान, कारण चांदी पोलादापेक्षा जड.

हे वजन आलं कुठून? रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा होता. एका पौंड चांदीत 84 दिनारियस पाडायचे, हा टांकसाळीचा नियम. भागाकार केला की 3.9 ग्रॅम मिळतात. थोडी घट, थोडी झीज धरली की संग्रहालयातल्या तराजूवरचा आकडा जुळतो. दिनारियसची सुरुवात इ.स.पू. 211 च्या सुमाराची, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याबरोबरच्या युद्धात रोमची तिजोरी रिकामी झाली त्या दिवसांतली. पुढे हिशेब असा स्थिरावला: एका सोन्याच्या ऑरियसचे 25 दिनारियस, एका दिनारियसचे पितळी 4 सेस्टर्टियस किंवा तांब्याचे 16 अ‍ॅस. रोमन माणूस मोठे हिशेब सेस्टर्टियसमध्ये मांडायचा, पण फौजेचा पगार धरला जाई तो दिनारियसमध्ये.

फौजेवरून एक प्रसंग सांगायलाच हवा. इ.स. 14 मध्ये ऑगस्टस वारला, टायबेरियस आला आणि डॅन्यूब नदीच्या बाजूला पॅनोनिया प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं. त्यांचा पुढारी पर्सेनियस नावाचा साधा शिपाई. सैन्यात येण्याआधी तो नाटकगृहात टाळ्या आणि आरोळ्यांसाठी भाड्याने आणलेल्या टोळीचा म्होरक्या होता, त्यामुळे गर्दी कशी तापवायची हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याची तक्रार इतिहासकार टॅसिटसने नोंदवली आहे: आमचं शरीर आणि जीव दिवसाला दहा अ‍ॅसला विकला जातो, त्यातूनच कपडे, हत्यारं आणि तंबूचा खर्च. मागण्यांपैकी एक, रोजचा एक दिनारियस. गणित करून पाहा. शिपायाला वर्षाला 225 दिनारियस मिळत, म्हणजे 3600 अ‍ॅस, म्हणजे रोजचे दहा. सोळा मागितले होते. मिळाले नाहीत. टायबेरियसचा मुलगा ड्रूसस बंड शमवायला पोचला, त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं, शिपाई घाबरले आणि बंड मोडलं. राज्याच्या पहिल्याच वर्षी या नाण्याचं काम ठरून गेलं होतं: सरहद्दीवरच्या पलटणींना वेळेवर पगार पोचवणं.

म्हणूनच टांकसाळ रोममध्ये नव्हती. लुग्डुनम म्हणजे आजचं फ्रान्समधलं ल्योन. सोन्याचांदीची नाणी तिथे पाडली जातात, असं भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. ऱ्हाइन नदीवरच्या मोठ्या फौजेला ते जवळ, आणि चांदीच्या खाणींनाही रोमपेक्षा सोयीचं. खाणी मुख्यतः स्पेनमध्ये होत्या. कार्टाजेनाजवळच्या खाणींत चाळीस हजार माणसं राबतात, असं इतिहासकार पॉलिबियसने स्ट्रॅबोच्याही आधी दीडशे वर्षं लिहून ठेवलं आहे. धातू गाळताना शिशाची वाफ उडायची. ग्रीनलंडच्या बर्फात खोल भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा त्या शतकांच्या थरात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रोमन चांदीचा धूर असा उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊन गोठलेला आहे.

नाणं पाडायची रीत हाताची. ठराविक वजनाची चांदीची चकती तापवायची, ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा हातात धरायचा आणि घण मारायचा. ठसे कोरणारा कारागीर सगळं उलटं कोरायचा, तेही नाण्याच्या आकारात, भिंगाची खात्री नसताना. वरचा ठसा घणाचा मार थेट खात असल्याने लवकर फुटे. घाव तिरपा बसला की चित्र एका बाजूला सरके, म्हणून संग्रहालयात अर्धी अक्षरं कडेबाहेर गेलेली कितीतरी नाणी दिसतात. प्रत्येक ठसा हाताचा असल्याने त्याची एखादी रेघ, एखादं वाकडं अक्षर ओळखता येतं. त्यावरून दूरच्या दोन देशांत सापडलेली दोन नाणी एकाच ठशातून निघाली, हे अभ्यासक सांगू शकतात.

आता या नाण्याचा कंटाळवाणेपणा. प्रजासत्ताकाच्या काळात नाण्यांवरची चित्रं सतत बदलायची. टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी आपापल्या घराण्याचे पराक्रम तिथे कोरून घेत. ऑगस्टसनेही पुष्कळ वेगवेगळी चित्रं वापरली, पण शेवटच्या काळात तो एकाच नमुन्यावर थांबला: ढाली आणि भाले घेऊन उभे असलेले त्याचे नातू गायस आणि लुसियस. दोघंही वारस म्हणून दत्तक घेतलेले, दोघंही तरुणपणीच वारले. टायबेरियसने तर हद्दच केली. सुरुवातीचा चार घोड्यांच्या रथाचा एक नमुना सोडला तर वीसेक वर्षं दिनारियसवर तोच चेहरा, तीच बसलेली बाई, तीच अक्षरं. खर्चाच्या बाबतीत हा माणूस चिक्कू म्हणून प्रसिद्ध होता. खेळ कमी, इमारती कमी, देणग्या कमी. मरताना त्याने 270 कोटी सेस्टर्टियस मागे ठेवले आणि त्याच्यामागून आलेल्या कॅलिग्युलाने ते वर्ष व्हायच्या आत उडवले, असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

हिंदुस्थानशी याचा संबंध इथून सुरू होतो. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोन नमुन्यांचा भरणा प्रचंड आहे: ऑगस्टसचं नातवांचं नाणं आणि टायबेरियसचं बसलेल्या बाईचं नाणं. दोन्ही लुग्डुनमचीच. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या एकाच नाणेनिधीत दीड हजारांहून जास्त दिनारियस निघाले, आणि त्यांतही मोठा वाटा याच दोघांचा. तामिळनाडूत कोईम्बतूरच्या पट्ट्यातही अशी नाणी वारंवार मिळाली आहेत. तो मुलूख बेरिल रत्नांचा, आणि पालघाटच्या खिंडीतून मलबारच्या बंदरांकडे जायचा रस्ता तिथूनच.

आपल्याकडच्या व्यापाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. टायबेरियस कोण, त्याचा बाप देव होता की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. त्याला दोनच गोष्टी बघायच्या होत्या, वजन आणि कस. वर्षानुवर्षं तेच चित्र, आणि ते चित्र असलेलं नाणं दर वेळी तेवढंच भरतं, तेवढंच शुद्ध निघतं, असा अनुभव आला की पारख सोपी होते. चित्र हीच हमी ठरली. काही दिनारियसवर बारीक बारीक ठसे मारलेले आहेत. अक्कनपल्लीच्या नाण्यांवर ते पुष्कळ आहेत. कोणाच्या तरी हातून तपासून गेल्याच्या या खुणा असाव्यात. दक्षिणेत नकली दिनारियसही सापडतात, त्यांवरची लॅटिन अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. अक्षर न कळणाऱ्या कारागिराने नजरेला ओळखीचा वाटेल असा आकार उतरवला होता.

रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली एक गोष्ट इथे चपखल बसते. सम्राट क्लॉडियसच्या काळात तांबड्या समुद्रावरच्या कराचा मक्ता अ‍ॅनियस प्लोकामस नावाच्या माणसाकडे होता. त्याचा एक मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाला वळसा घालत असताना वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याला सहा महिने ठेवून घेतलं. त्याच्याजवळचे दिनारियस पाहून राजाला नवल वाटलं ते याचं, की चेहरे वेगवेगळे, म्हणजे पाडणारे राजे वेगवेगळे, तरी वजन सगळ्यांचं सारखं. हे लोक सचोटीचे आहेत, असं त्याने ठरवलं आणि रोमला वकील धाडले. प्लिनी गोष्टी रंगवतो, पण ही मला पटते. परक्याच्या पैशाकडे बघताना व्यापारी देशांतला माणूस हेच आधी बघणार.

रोममध्ये या व्यापाराची चीड होती. प्लिनी तक्रार करतो की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्टियस ओढून घेतो. दिनारियसच्या हिशेबाने हे सव्वा कोटी नाणी होतात, आणि ते सगळं चांदीतच मोजलं तर 47 टनांच्या आसपास चांदी. खरा व्यवहार असा नव्हता. सोनं जायचं, दारू, तांबं, पोवळी आणि काच जायची. शिवाय तांबड्या समुद्रातून येणाऱ्या मालावर रोम स्वतः पंचवीस टक्के जकात घ्यायचं, त्यामुळे तिजोरीत बरंच परत यायचं. प्लिनीच्या आकड्यात नीतिउपदेशाचा भाग मोठा आहे. पण गंमत पाहा, हीच तक्रार खुद्द टायबेरियसने त्याच्याआधी केली होती. इ.स. 22 मध्ये उधळपट्टीविरुद्ध कायदा करावा का, असं सिनेटने विचारलं. टायबेरियसने उत्तरादाखल धाडलेलं पत्र टॅसिटसने दिलं आहे. बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्या, अगदी शत्रूच्या देशांत जातो, असं सम्राट त्यात म्हणतो. कायदा मात्र केला नाही. त्याच्याच चेहऱ्याची नाणी कोईम्बतूरच्या रत्नांच्या मुलखात गाडग्यांतून निघाली आहेत.

देशातला पैसा कमी पडला की काय होतं, हे त्याने इ.स. 33 मध्ये पाहिलं. सावकारीवरचा एक जुना कायदा अचानक कडक झाला, सावकारांनी एकदम कर्जं परत मागितली, जमिनी विकायला निघाल्या आणि भाव कोसळले. शेवटी टायबेरियसने दहा कोटी सेस्टर्टियस तीन वर्षांसाठी बिनव्याजी दिले, तारण मात्र कर्जाच्या दुप्पट किमतीच्या जमिनीचं घेतलं. चिक्कू माणसाला पैसा कुठे सोडावा हे कळत होतं.

या नाण्याचं खरं नशीब पालटलं ते टायबेरियसच्या मरणानंतर सत्तावीस वर्षांनी. इ.स. 64 मध्ये रोम शहर जळालं, त्याच सुमाराला सम्राट नीरोने नाण्याचा नियम बदलला. एका पौंडात 84 ऐवजी 96 दिनारियस, म्हणजे वजन 3.4 ग्रॅमवर. त्यातही तांब्याचं हीण घातलं. हीण किती, याचा शोध लागायला वेळ लागला. चांदी आणि तांब्याच्या मिश्रधातूचं नाणं पाडताना तापवलं आणि पुढे शतकानुशतकं मातीत राहिलं, की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वर चांदीचा दाट थर उरतो. क्ष-किरण टाकून नुसता पृष्ठभाग तपासला तर नाणं आहे त्यापेक्षा शुद्ध भासतं. केव्हिन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या दोघा ब्रिटिश संशोधकांनी नाण्याच्या कडेला बारीक भोक पाडून आतला धातू तपासला. टायबेरियसची नाणी आतपर्यंत जवळपास शुद्ध चांदीची निघाली. नीरोच्या नव्या नाण्यांत चांदी ऐंशी टक्क्यांच्या आसपास. काही वर्षांनी त्याने ती थोडी वाढवलीही, पण जुनी पातळी टिकून परत आली नाही. तिसऱ्या शतकाच्या आरंभी दिनारियस निम्मा तांब्याचा होता.

आता व्यापाऱ्याच्या जागी बसून हिशेब करू. टायबेरियसच्या नाण्यात साधारण 3.7 ग्रॅम चांदी. नीरोच्या नव्या नाण्यात 2.7. रोमच्या बाजारात दोघांची किंमत एकच, एक दिनारियस, कारण तसा हुकूम आहे. हिंदुस्थानच्या बंदरात हुकूम चालत नाही, तिथे तराजू आहे. मग इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदराचा शहाणा माणूस काय करेल? थैलीतली जुनी नाणी वेचून बाजूला काढेल, ती जहाजावर घालेल आणि नवी घरी खर्च करेल. दर नाण्यामागे एक ग्रॅम चांदीचा फायदा. नीरोनंतरचे चांदीचे दिनारियस भारतात फारच थोडे सापडतात, त्यामागे हा हिशेब असणार असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. इ.स. 107 मध्ये सम्राट ट्रेजनने जुनी नाणी गोळा करून वितळवायला घेतली, तोवर ही वेचणी चालू शकली असती.

यातून संग्रहालयातल्या चिठ्ठीबद्दल एक सावधगिरी निघते. ‘इ.स. 14 ते 37’ ही तारीख नाणं पाडल्याची आहे. ते भारतात कधी आलं, हे तिच्यावरून कळत नाही. कोईम्बतूरजवळ टायबेरियसचं नाणं सापडलं म्हणून व्यापार त्याच्याच काळात फुलला होता असं म्हणणं घाईचं आहे. ते चाळीस-पन्नास वर्षं रोमन साम्राज्यात फिरून, मग कोणाच्या तरी फायद्यासाठी जहाजावर चढलं असेल. झीज किती झाली आहे, यावरून थोडा अंदाज बांधता येतो.

मग महाराष्ट्रात काय? इथे एक कोडं आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर ठळकपणे येतात. पैठणहून अकीक, तेरहून कापड गाड्यांवर लादून घाटवाटांनी भडोचला जाई. कल्याण, सोपारा आणि चौल यांचीही नावं आहेत. भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत रोमन सोन्याचांदीची नाणी आहेत, आणि स्थानिक चलनाशी बदलताना त्यांच्यावर नफा सुटतो असं लेखक मुद्दाम नोंदवतो. म्हणजे नाणी येत होती. पण दख्खनच्या या भागात दिनारियसचे मोठे निधी दक्षिणेसारखे सापडत नाहीत. तेरला सापडतात त्या रोमन नाण्यावरून उठवलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या. त्यांना दोरा ओवायला भोक असतं, म्हणजे त्या गळ्यात घालत असावेत.

नाणी गेली कुठे, याचं सगळ्यांत पटण्यासारखं उत्तर म्हणजे मुशीत. तमिळ मुलखात चांदीचं स्वतःचं चलन मोठं नव्हतं, तिथे दिनारियस चांदीचा साठा म्हणून गाडग्यात पडून राहू शकला. पश्चिमेकडे क्षत्रप राजे स्वतःची चांदीची नाणी भरपूर पाडत होते आणि या भागात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. पेरिप्लसमध्ये येणारा राजा मांबानोस म्हणजे क्षत्रप नहपान, असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या पांडवलेण्यातल्या लेखात 70,000 कार्षापणांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, दानाचा उल्लेख आहे, आणि एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, 35 कार्षापण असा दरही दिला आहे. हा पैसा किती मोठ्या प्रमाणात फिरत होता, हे 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला दिसलं. तिथे एकाच निधीत नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी निघाली. त्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर आपला ठसा उमटवलेला आहे. त्याने ती वितळवली नाहीत, जुन्या चेहऱ्यावरूनच नवा छाप मारला.

नहपानाच्या नाण्यांतली चांदी रोमन दिनारियस वितळवून आली असावी, असा तर्क आहे. तो तपासायची वाट धातूतच आहे. चांदीत शिशाचा अंश राहतो, आणि शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं. स्पेनच्या चांदीची खूण वेगळी, इराणकडच्या चांदीची वेगळी. अडचण एवढीच की भडोचच्या सोनाराने दिनारियसबरोबर ड्राख्म ही जुनी ग्रीक चांदीची नाणीही मुशीत टाकली असतील. पेरिप्लस सांगतो की मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांचे ड्राख्म भडोचला तेव्हाही चालत होते. एकदा दोन खाणींची चांदी एकत्र वितळली, की मिळणारा आकडा त्या दोघांच्या अधेमधे कुठेतरी पडतो.